आयोडिनाची मात्रा



स्वयंपाकघरांतील सर्व जिन्नसांत मिठाकडे आपलें लक्ष सर्वांत कमी जातें. भाजी अळणी झाली म्हणजे तें आठवतें, खारट झाली म्हणजे पुन्हा आठवतें. एरव्हीं तें चवीपुरतें असलें म्हणजे कोणी त्याचें नांव काढीत नाहीं. परंतु आज बाजारांतून आणलेल्या मिठाच्या पिशवीवर ‘आयोडिनयुक्त’ असा एक शब्द छापलेला असतो. हा शब्द तेथें कसा आला हें सांगावयाचें म्हणजे पॅरिसमधील एका कारखान्यापासून निघून आल्प्स पर्वत, गिलगिटचें खोरें, अमेरिकेंतील शाळा आणि हिमालयाचा पायथा असा सुमारें दोनशें वर्षांचा प्रवास करावा लागतो. तोच प्रवास आज आपणांस थोडक्यांत घडवावा असा माझा विचार आहे. या प्रवासाचें सूत्र एकच आहे. औषध सांपडणें हें एक काम, आणि त्याची मात्रा सांपडणें हें दुसरें. आयोडिनाच्या बाबतींत या दोन कामांमध्यें शंभर वर्षांचें अंतर पडलें, आणि त्या अंतराची किंमत कित्येक पिढ्यांतील मुलांनीं दिली.

आपलें शरीर मुख्यत्वेंकरून प्राणवायु, कर्ब, उज्ज व नत्र या मूलद्रव्यांचें बनलेलें आहे, हें आपण शाळेंत शिकलों आहोंत. परंतु याखेरीज कांहीं मूलद्रव्यें अशीं आहेत कीं, तीं शरीरांत केवळ नांवाला असतात. तरी तीं नसलीं तर सारा कारभार अडून बसतो. त्यांस लेशमूलद्रव्यें म्हणतां येईल. प्रौढ माणसाच्या सर्व शरीरांत मिळून जस्त सुमारें २ ग्रॅम असतें, तांबें त्याच्या विसाव्या हिश्शाइतकें, आणि आयोडिन तर अवघें १५ ते २० मिलिग्रॅम. त्यांतलें बहुतेक आयोडिन गळ्याच्या पुढील बाजूस श्वासनलिकेला बिलगून असलेल्या थायरॉइड नांवाच्या ग्रंथींत सांठविलेलें असतें. ही ग्रंथी त्यापासून एक रस तयार करते, आणि शरीराची ऊब, वाढ व मेंदूची घडण हीं सर्व त्या रसावर अवलंबून असतात. या कामासाठीं प्रौढ माणसाला दररोज १५० मायक्रोग्रॅम आयोडिन पुरतें. सत्तर वर्षांच्या आयुष्याचा एकंदर हिशेब केला तरी तो ४ ग्रॅमच्या आंत बसतो. चहाचा एक चमचाही त्यानें भरणार नाहीं.

हा चमचा रिकामा राहिला तर काय होतें? ग्रंथी अपुऱ्या मालावर आपलें काम भागविण्यासाठीं स्वतःच वाढूं लागते, आणि गळ्याला सूज येते. हाच गलगंड. सुश्रुतसंहितेंत या रोगाचें वर्णन आहे, आणि आपण तें संस्कृत नांवच आजही वापरतों. गळ्याची ही गांठ दिसावयास कुरूप खरी, पण या रोगाचें खरें दुःख गळ्यांत नाहीं. गर्भवती स्त्रीला आयोडिनाचा फार तुटवडा पडला तर गर्भाच्या मेंदूची वाढ खुंटते. असें मूल बहिरें, मुकें, ठेंगणें व मंदबुद्धि होतें, आणि मागाहून कितीही औषध दिलें तरी हुकलेली बुद्धि परत येत नाहीं. आल्प्सच्या खोऱ्यांत अशा अभागी माणसांना ‘क्रेटिन’ म्हणत, आणि त्या भागांतून गेलेल्या प्रवाशांनीं त्यांचीं वर्णनें पुनःपुन्हा लिहून ठेवलीं आहेत. हिमालयाच्या खोऱ्यांतही तेंच दृश्य होतें. पर्वतांतच हा रोग कां, याचें उत्तर मातींत आहे. हिमयुगांतील बर्फानें आणि नंतरच्या पावसानें डोंगरांची जुनी माती धुवून नेली, तिच्याबरोबर आयोडिन समुद्रास मिळालें. आणि जें मातींत नाहीं तें धान्यांत, दुधांत किंवा भाजींत कोठून येणार?

आतां आपण समुद्राकडे वळूं. १८११ साल. नेपोलियनचीं युद्धें चालू होतीं, आणि फ्रान्सला बंदुकीच्या दारूसाठीं सोरा हवा होता. पॅरिस येथील सोऱ्याचे कारखानदार बेर्नार कुर्त्वा हे आपल्या धंद्यांत समुद्रवनस्पतींची राख वापरीत असत. एकदां त्या राखेच्या द्रावणांत गंधकाम्ल प्रमाणाबाहेर पडलें. तोंच भांड्यांतून जांभळी वाफ उठली, आणि थंड पृष्ठभागावर तिचे काळसर, चकचकीत स्फटिक जमले. अधिक शोध करण्यास कुर्त्वा यांच्याजवळ ना पैसा होता ना फुरसत. त्यांनीं तो पदार्थ इतर रसायनज्ञांच्या हवालीं केला. गे-ल्युसाक व हम्फ्री डेव्ही यांनीं त्याची परीक्षा करून हें एक नवें मूलद्रव्य असल्याचें ठरविलें, आणि जांभळ्या रंगाच्या ग्रीक नांवावरून त्यास आयोडिन हें नांव मिळालें. मूळ शोधक मात्र १८३८ मध्यें दारिद्र्यांतच वारले.

या नव्या द्रव्याचा गलगंडाशीं संबंध जोडला जिनिव्हाचे वैद्य झां-फ्रांस्वा क्वांदे यांनीं. जाळलेल्या स्पंजाची राख गलगंडावर देण्याचा प्रघात युरोपांत कित्येक शतकें चालत आला होता. समुद्रवनस्पतींत आयोडिन आहे, तेव्हां समुद्रांतील स्पंजांतही तें असलें पाहिजे, आणि राखेचा गुण तो याचाच, असा तर्क करून त्यांनीं १८२० मध्यें आयोडिनाचा अर्क रोग्यांस देऊन पाहिला. कांहीं आठवड्यांतच वर्षानुवर्षांच्या गांठी उतरूं लागल्या. एवढा सोपा व स्वस्त उपाय मिळाल्यावर लोकांस धीर कसा निघावा? वैद्यास न विचारतां जो तो आयोडिन घेऊं लागला. वैद्य जी मात्रा देत तीच मुळीं रोजच्या गरजेच्या शेंकडों पटींनीं अधिक होती. पुष्कळांची छाती धडधडूं लागली, हात कांपूं लागले, अंगावरचें मांस झडूं लागलें. क्वांदे यांनीं स्वतः धोक्याची सूचना दिली. परंतु तोंवर औषधाची बदनामी झाली होती. आयोडिन गुणकारी आहे हें सिद्ध झालें त्याच वेळीं तें विषारी आहे असेंही सिद्ध झालें, आणि दोन्ही गोष्टी खऱ्या असूं शकतात हें ओळखणारे फार थोडे निघाले.

त्यांपैकीं एक बुसँगो. हे फ्रेंच रसायनज्ञ दक्षिण अमेरिकेंतील आजच्या कोलंबिया देशांत राहिले होते. तेथील कांहीं डोंगरी लोक विशिष्ट खाणींतलेंच मीठ खात, आणि त्यानें गळा सुजत नाहीं असें सांगत. बुसँगो यांनीं तें मीठ तपासलें तों त्यांत आयोडिन निघालें. १८३३ मध्यें त्यांनीं सुचविलें कीं, गलगंडाच्या प्रदेशांत असेंच मीठ लोकांस पुरवावें. आज जें जगभर चालू आहे तें हेंच. या सूचनेचें त्या वेळीं कोणी कांहीं केलें नाहीं.

पुढें १८५० नंतर पॅरिसचे आदोल्फ शातँ यांनीं हवा, पाणी, माती व अन्न यांतील आयोडिन मोजण्याचा अफाट उद्योग आरंभिला, आणि जेथें आयोडिन कमी तेथें गलगंड अधिक, असें स्वच्छ मांडलें. फ्रेंच विज्ञान अकादमीच्या समितीनें त्यांच्या परिश्रमांची वाखाणणी केली, पण निष्कर्ष मानला नाहीं. इतक्या अल्प द्रव्याच्या अभावानें इतका मोठा रोग व्हावा, हें त्या काळच्या बुद्धीला पटेना. फ्रान्सच्या कांहीं भागांत मुलांना आयोडिन देऊन पाहिलें. अनेकांचे गळे सुधारले, पण मात्रा पुन्हा भारी, म्हणून त्रास झाला आणि उपाय सोडून देण्यांत आला. त्यानंतर पाश्चर व कोख यांचा काळ आला. एखादी वस्तु शरीरांत शिरल्यामुळें रोग होतो हें जगाला समजलें. एखादी वस्तु न शिरल्यामुळेंही रोग होतो, ही कल्पना मात्र अजून रुजावयाची होती. विद्वान् मंडळी गलगंडाचा जंतु शोधूं लागली.

दरम्यान ग्रंथीचें रहस्य दुसऱ्याच वाटेनें उलगडत होतें. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील शस्त्रवैद्य थिओडोर कोखेर गलगंड कापून काढण्यांत अत्यंत कुशल होते. परंतु आपले जुने रोगी पुन्हा तपासतां त्यांस आढळलें कीं, ज्यांची ग्रंथी समूळ काढली ते मंद, सुजट व निरुत्साही झाले आहेत, आणि मुलांची तर वाढच थांबली आहे. आपल्या हातून झालेलें हें अहित त्यांनीं १८८३ मध्यें जगापुढें प्रामाणिकपणें मांडलें. ग्रंथी निरुपयोगी नाहीं, हें त्यावरून कळलें. १८९१ मध्यें इंग्लंडांत जॉर्ज मरे यांनीं, जिची ग्रंथी निकामी झाली होती अशा एका स्त्रीला मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोंचला; ती बरी झाली, आणि पुढें २८ वर्षें जगली. १८९५ मध्यें जर्मनींतील फ्रायबुर्ग येथें ओयगेन बाउमान यांना त्या ग्रंथींत आयोडिन सांपडलें. ज्या द्रव्याची कोणी कल्पनाही केली नव्हती, तें प्राण्यांच्या शरीरांत स्वभावतःच आहे असें सिद्ध झालें. १९१४ च्या नाताळच्या दिवशीं अमेरिकेंत एडवर्ड केंडॉल यांनीं ग्रंथीचा रस शुद्ध स्फटिकरूपांत वेगळा केला; तेंच थायरॉक्सिन, आणि त्याच्या प्रत्येक रेणूंत आयोडिनाचे चार अणु असतात.

तरीही जंतूचा शोध थांबला नव्हता, आणि यांत आपल्या उपखंडाचा संबंध येतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत डॉक्टर रॉबर्ट मॅक्कॅरिसन गिलगिट येथें होते. तेथें एकाच ओढ्याचें पाणी एकाखालीं एक वसलेलीं गांवें पीत, आणि खालच्या गांवाकडे जावें तसतसा गलगंड वाढत जाई. वरच्या वस्तीची घाण पाण्यांत मिसळते हें कारण असावें, असें त्यांनीं ठरविलें; आणि तें पडताळण्यासाठीं त्या पाण्यांतला गाळ त्यांनीं स्वतः घेतला व कांहीं स्वयंसेवकांस दिला. कित्येकांच्या ग्रंथी खरोखरच सुजल्या. गाळ उकळून दिला तेव्हां मात्र सुजल्या नाहींत. अशा निर्भय प्रयोगापुढें कोणीही मान तुकवावी. अस्वच्छ पाण्याचा कांहीं हातभार या रोगाला लागतो, एवढें त्यांतून निघतें. परंतु मूळ कारण तें नव्हे. ज्या भूमींत आयोडिनाचा पुरवठा आधींच काठावर आहे तेथें लहानसें निमित्तही पुरतें. मॅक्कॅरिसन यांनीं पुढें कुन्नूर येथें आहारसंशोधनाचें जें काम उभारलें, त्याची परंपरा आज हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेंत चालू आहे.

जंतूचा वाद मिटविला तो प्रथम माशांनीं. अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनिया प्रांतांत एका मत्स्यपालन केंद्रांत ट्राउट माशांच्या गळ्याला गांठी येऊं लागल्या, आणि तो कर्करोग आहे असें मानलें गेलें. डेव्हिड मरीन यांनीं १९०९-१० मध्यें तपासणी करून तो साधा गलगंड असल्याचें दाखविलें, आणि पाण्यांत लेशमात्र आयोडिन मिसळून तो बरा केला. अमेरिकेच्या कांहीं भागांत डुकरिणींना केसच नसलेलीं, दुबळीं पिलें होत आणि तीं दगावत. गाभण डुकरिणींस आयोडिन देतांच निरोगी पिलें होऊं लागलीं. जें माशाला व डुकराला लागू तें माणसाला कां नसावें? मरीन आणि त्यांचे सहकारी किंबॉल यांनीं १९१७ मध्यें ओहायो प्रांतांतील ॲक्रन येथील शाळकरी मुलींवर प्रयोग आरंभिला. संमति देणाऱ्या मुलींस वर्षांतून दोनदां, दहा दहा दिवस, आयोडिनाचा क्षार देण्यांत येई. सुमारें अडीच वर्षांनंतर हिशेब झाला तो असा: औषध घेतलेल्या २,१९० मुलींपैकीं ग्रंथी वाढली ती अवघ्या ५ जणींची, आणि न घेतलेल्या २,३०५ पैकीं ४९५ जणींची. ज्या वादाला शंभर वर्षें लागलीं तो या दोन ओळींनीं संपविला.

तथापि मात्रेचा प्रश्न उरलाच होता. ॲक्रनची मात्राही आजच्या दृष्टीनें मोठी होती. शिवाय शाळा सोडून गेलेल्यांना आणि गर्भवतींना आयोडिन पोंचवावें कसें? याचें उत्तर स्वित्झर्लंडमधील एका खेड्यांतल्या डॉक्टरांनीं दिलें. ओटो बायर्ड यांनीं १९१८ मध्यें ग्रेखेन या दुर्गम डोंगरी गांवांतील थोड्या कुटुंबांसाठीं फावड्यानें मीठ कालवून त्यांत आयोडिनाचा क्षार मिसळला, आणि तें मीठ खेंचरावर लादून वर पाठविलें. एका किलो मिठांत क्षार किती, तर कांहीं थोडे मिलिग्रॅम. क्वांदे यांनीं एका दिवसांत दिलें असतें तेवढें आयोडिन येथें एका माणसाला कित्येक वर्षें पुरलें असतें. तरीही गळे उतरले, आणि कोणाचीही छाती धडधडली नाहीं. हेरिसाउ येथील शस्त्रवैद्य हान्स एगेनबर्गर यांनीं हीच गोष्ट गांवोगांव व्याख्यानें देऊन लोकांस पटविली. त्यांच्या सह्या घेऊन आपल्या आपेन्झेल प्रांतांत १९२२ च्या फेब्रुवारींत आयोडिनयुक्त मिठाची विक्री सुरू करविली. थोड्याच काळांत तेथील नवजात अर्भकांच्या गळ्यांतली सूज दिसेनाशी झाली, आणि १९३० नंतर जन्मलेल्या पिढींत नवे क्रेटिन जवळजवळ आढळलेच नाहींत. आल्प्सचा हजारों वर्षांचा शाप एका पिढींत फिटला, तो मिठानें.

एका मूलद्रव्याविषयीं हा धडा मिळतांच इतरांकडेही शास्त्रज्ञांची दृष्टि वळली. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील कांहीं कुरणांत हिरवें गवत पोटभर खाऊनही मेंढ्या खंगून मरत. लोहाच्या कांहीं अशुद्ध क्षारांनीं त्या सुधारत, म्हणून तें श्रेय लोहाला मिळे. १९३५ च्या सुमारास असें आढळलें कीं, गुण लोहाचा नसून त्यांत लेशमात्र मिसळलेल्या कोबाल्टाचा होता. १९४८ मध्यें वेगळें काढण्यांत आलेल्या ब-१२ जीवनसत्त्वाच्या गाभ्यांत त्याच कोबाल्टाचा एक अणु असतो.

आतां शेवटीं आपल्या देशाकडे येऊं. १९५६ पासून डॉक्टर रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हिमालयाच्या पायथ्याच्या कांगडा खोऱ्यांत एक मोठा प्रयोग केला. खोऱ्याचे तीन विभाग केले. दोन विभागांस आयोडिनयुक्त मीठ दिलें आणि एकास साधें. सहा वर्षांत पहिल्या दोन विभागांतील गलगंड निम्म्याच्या आसपास आला, साध्या मिठाच्या विभागांत तो होता तेथेंच राहिला. नंतर त्या विभागासही आयोडिनयुक्त मीठ देण्यांत आलें, आणि तेथेंही रोग ओसरला. १९६२ मध्यें राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. पुढें हिमालयाबाहेरच्या प्रदेशांतही हा रोग आढळूं लागला, तेव्हां सर्व देशांत आयोडिनयुक्त मीठ पुरविण्याचें धोरण आलें. आणि १९९२ मध्यें कार्यक्रमाचें नांवही बदललें, कारण प्रश्न गळ्यापुरता नसून मेंदूचा आहे हें उमगलें होतें.

साध्या खाद्य मिठाच्या विक्रीवर घातलेली बंदी २००० मध्यें उठविण्यांत आली, आणि २००६ मध्यें पुन्हा लागू झाली. ज्या देशानें १९३० मध्यें मिठासाठीं सत्याग्रह केला, ज्या महाराष्ट्रांत वडाळ्याच्या आणि शिरोड्याच्या मिठागरांवर लोकांनीं लाठ्या सोसल्या, तेथें मिठावर पुन्हा सरकारी बंधन कोणास खुपलें तर तें समजण्यासारखें आहे. लहान मीठउत्पादकांची अडचणही खरी आहे. पण दुसऱ्या बाजूला जो उभा आहे त्याला बोलतां येत नाहीं. तो अजून जन्मलेला नाहीं. त्याच्या मेंदूची घडण होण्याचे महिने एकदांच येतात. म्हणून मिठाचें स्वातंत्र्य आणि गर्भाची बुद्धि यांत निवड करावयाची वेळ आली, तर कोणतें पारडें जड हें सांगावयास नको.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. मीठ समुद्राचें, तेव्हां त्यांत आयोडिन असणारच, असें आपणांस वाटतें. वस्तुतः साध्या मिठांत, मग तें कोंकणच्या मिठागरांतलें असो वा खाणींतलें सैंधव असो, आयोडिन अत्यल्प असतें. तें मागाहून घालावें लागतें. दमट हवेंत टिकावें म्हणून आपल्याकडे पोटॅशियम आयोडेट हा क्षार वापरतात. घरीं पोंचतांना दहा लाख भाग मिठांत निदान १५ भाग आयोडिन असावें असा नियम आहे. तेव्हां तें मीठ घट्ट झाकणाच्या बरणींत, चुलीच्या वाफेपासून दूर ठेवावें, एवढेंच गृहिणीचें काम. डॉक्टर मीठ कमी खावयास सांगतात तेंही खरें, आणि त्यांत विरोध नाहीं. मीठ थोडेंच खावें, पण जें खावें तें आयोडिनयुक्त असावें. अधिक आयोडिन म्हणजे अधिक आरोग्य, असेंही कोणी समजूं नये. जिनिव्हाच्या लोकांनीं तो अनुभव आपल्यासाठीं घेऊन ठेवला आहे.

खाल्ल्या मिठाला जागावें असें आपण म्हणतों. उद्यां भाजींत चवीपुरतें मीठ टाकतांना कुर्त्वाची जांभळी वाफ, ग्रेखेनच्या वाटेवरचें तें खेंचर आणि कांगड्याचीं तीं गांवें आठवलीं, तर आपण त्या मिठाला जागलों असें म्हणतां येईल.